उसन्या तोंडाची सभा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती वर्षांपूर्वीची, ते सांगणाऱ्याला आठवत नाही. नदीचे नावही जिभेवर येता येता निसटते. गावाच्या मधोमध वड होता की पिंपळ, याचीही त्याला खात्री नाही. पण मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, त्या झाडाखाली लोक काय बोलले ते त्याला पक्के आठवते, निदान तसे वाटते तरी. तेव्हा झाड कोणते ते तुम्हीच ठरवा.

नदीच्या अलीकडे एक गाव होते. पलीकडे जायचे तर एकच होडी होती आणि ती सोनबा नावाडी चालवीत असे. एके दिवशी राजाचा दूत आला आणि म्हणाला, "गाव हो म्हणत असेल तर राजा इथे दगडी पूल बांधून देईल. पुलाच्या तोंडाशी राजाची चौकी बसेल. नको असेल तर खालच्या अंगाच्या गावाला देऊ. पुनवेपर्यंत कळवा."

दूत गेला आणि गाव दुभंगले. निम्म्यांना पूल हवा होता, निम्म्यांना नको होता. थोड्याच दिवसांत अशी वेळ आली की पूलवाल्यांच्या बायका होडीवाल्यांच्या घरी हळदीकुंकवाला जाईनात. गावचा न्हावी तर गिऱ्हाइकाच्या गालाला पाणी लावायच्या आधी विचारून घेई, "कुठल्या बाजूचे?" आणि आपल्या बाजूचा नसला तर वस्तरा असा काही परजून दाखवी की बसलेला माणूस दाढी न करताच उठे.

पूलवाल्यांचा म्होरक्या होता विश्वंभर पंडित. त्याने पुष्कळ वाचले होते आणि वाचले होते त्याहून अधिक काळजी केली होती. पूल का हवा, हे तो फार सुरेख सांगे. व्यापार वाढेल, वैद्य वेळेवर येईल, पलीकडची मुले अलीकडे शिकायला येतील. ऐकणारे माना डोलवीत.

पण पंडिताच्या मनात या सगळ्याच्या आधी दुसरीच गोष्ट होती आणि ती त्याने कुणालाही सांगितली नव्हती. त्याला पाण्याची भीती वाटे. होडीत पाय ठेवायचा नुसता विचार आला तरी तो काठापासून चार पावले मागे सरे. त्याची एकुलती लेक वत्सला पलीकडच्या काठावर दिली होती. इतकी वर्षे तीच माहेरी येत असे, म्हणून त्याचे निभावले होते. यंदा मात्र बाळंतपणानंतर ती अंथरुणाला खिळली होती. "बाबांना एकदा येऊन जा म्हणावं," असा तिचा निरोप सोनबाच आणून देई. पंडित कधी पाठदुखीचे निमित्त सांगे, कधी एखाद्या व्रताचे. नातवंडाचे तोंड त्याने अजून पाहिले नव्हते. पूल झाला असता तर तो अनवाणी पळत गेला असता.

होडीवाल्यांची म्होरकी होती सोनबाची बायको, आवडाबाई. तिचा आवाज असा की ती अलीकडून बोलली की पलीकडच्या म्हशी मान वर करीत. पंडिताला वाटे, हिचे म्हणणे काय ते उघडच आहे. नवऱ्याची होडी बुडेल, म्हणून ही पूल बुडवायला निघाली आहे.

त्या गावात एक जुनी चाल होती. तंटा फारच विकोपाला गेला की 'उसने तोंड' लावीत. दोन्ही बाजूंच्या म्होरक्यांनी आळीपाळीने एकमेकांच्या घरी जाऊन राहायचे, तिथेच जेवायचे. पाहुण्याने हवे ते विचारावे. यजमानाने विचारले तेवढ्याचे उत्तर द्यावे आणि वाद घालू नये. मग झाडाखाली सभा भरे आणि पाहुणा यजमानाची बाजू मांडी, जणू त्याने तोंड उसने दिले आहे. यजमानाने ओंजळीत नदीचे पाणी घेऊन ऐकायचे. बाजू बरोबर मांडली गेली असेल तर म्हणायचे, "हा माझा बोल." नसेल तर, "हा माझा बोल नव्हे." तसे झाले की सभा उठे आणि पाहुणा पुन्हा त्याच घरी जाई. दोन्ही बोल खरे ठरेपर्यंत गावाला निर्णय करता येत नसे. ओंजळीत पाणी घेऊन खोटे बोलल्याचे मात्र कुणाच्या ऐकिवात नव्हते.

पाटलांनी उसने तोंड लावले. आधी पंडिताने आवडाबाईच्या घरी जायचे ठरले.

तिचे घर अगदी काठावर होते. पंडिताने नदीकडे पाठ करून बसायची जागा धरली. आवडाबाईने कुळथाचे पिठले आणि भाकरी वाढली. पंडिताने पिठल्याची तोंडभरून स्तुती केली, कुळीथ कुठल्या शेतातला ते विचारले आणि मग जेवण होईपर्यंत पुलाचे फायदे सांगितले. आवडाबाईने वाद घातला नाही, कारण तसा नियमच होता. पंडिताला वाटले, हिला पटत चालले आहे.

सभा भरली. पंडिताने आवडाबाईची बाजू मांडली. "पूल झाला की माझ्या घरची चूल विझेल. ज्या होडीने गावाला पार नेलं, तिचं सरपण होईल." पूलवाल्यांतल्या एकदोघींनी डोळ्यांना पदर लावला.

आवडाबाईने ओंजळीतले पाणी खाली सोडून दिले. "हा माझा बोल नव्हे," ती म्हणाली. "होडी गेली तर हे मासे धरतील. तसंही वल्ह्यापेक्षा यांचं लक्ष जाळ्याकडेच असतं."

सगळे हसले. सोनबाही हसला.

पंडित पुन्हा तिच्या घरी गेला. त्याने रात्रभर विचार केला, पण मुद्द्याचे विचारले काहीच नाही, कारण शहाण्या माणसाला दुसऱ्याच्या मनातले विचारावे लागते म्हणजे कमीपणाच, असे त्याला वाटत होते. पुढच्या सभेत त्याने वेगळे बोलून पाहिले. नदी ही आई आहे, आईच्या छातीवर दगड रचू नयेत. हे बोलणे तर आधीच्याहूनही सुंदर झाले.

"हा माझा बोल नव्हे," आवडाबाई म्हणाली. "हे तुमच्या पोथीतलं आहे, पंडितबुवा. आई असली म्हणून काय झालं? आईच्या अंगावर तर लेकरं पाय देऊनच वाढतात."

आता पंडित हादरला. पुनव जवळ येत होती. तिकडे वत्सलाचा ताप उतरत नव्हता, असे सोनबा सांगत होता. आणि इकडे ज्या बाईचे म्हणणे आपण इतके दिवस चौकाचौकात खोडून काढले, तिचे म्हणणे काय आहे हेच आपल्याला ठाऊक नाही, हे त्याच्या लक्षात आले होते. मग आपण खोडले ते काय?

सोनबा जाळे विणत बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "पंडितबुवा, यजमानीण नियमाने बांधलेली आहे. मी नाही. तुम्ही हिला कुळीथ विचारलात, मीठ विचारलंत, छप्पर गळतं का तेही विचारलंत. पूल का नको ते काही विचारलं नाहीत."

पंडिताचे कान लाल झाले. खरेच की. त्याने विचारलेच नव्हते.

तो ओसरीवर आला. आवडाबाई भात सडत होती. पंडिताने प्रथमच नदीकडे तोंड केले आणि विचारले, "आवडाबाई, तुम्हाला पूल का नको?"

"बसा," ती म्हणाली. "आज वसुलीचा कारकून यायचा आहे. आधी बघा."

थोड्या वेळाने पलीकडच्या काठावर राजाचा कारकून घोड्यावरून आला. त्याने हाक मारली, "अरे ए, होडी आण!" सोनबा सावकाश निघाला. कारकुनाला घोडा तिकडेच बांधावा लागला. होडीत चढताना त्याचा जोडा भिजला. भर पात्रात होडी जराशी हेलकावली, तेव्हा त्याने सोनबाच्या खांद्याला धरले. अलीकडे उतरल्यावर तो आवडाबाईच्या ओसरीवर टेकला, पाणी प्याला आणि म्हणाला, "यंदा भात कसा आहे हो बाई?"

तो गावात गेल्यावर आवडाबाई म्हणाली, "ऐकलंत? पलीकडे तो 'अरे' म्हणतो आणि अलीकडे उतरतो तोवर 'अहो' म्हणायला लागतो. मधे नुसतं पाणी असतं. पूल झाला की तो घोड्यावरूनच 'अरे' म्हणत थेट आमच्या उंबऱ्यापर्यंत येईल. आज एक येतो, उद्या दहा येतील. मला होडीची काळजी नाही. आमच्या गावात शिरताना माणसानं विचारून शिरावं, एवढंच मला हवंय."

पंडिताचे मत बदलले नाही. पूल हवाच, असे त्याला अजूनही वाटत होते. पण आतापर्यंत तो एका चुलीशी भांडत होता, आता समोर एक माणूस होते. त्याला फार कुतूहल वाटू लागले. तो विचारत सुटला. कारकून एखादा भला निघाला तर? पावसाळ्यात कुणी आजारी पडले तर? होडीवाल्यांतल्या सगळ्यांना असेच वाटते का? आवडाबाई भात सडता सडता उत्तरे देत गेली, आणि एका ठिकाणी तर म्हणाली, "याचं उत्तर माझ्याकडे नाही. आजारी माणसाचं खरंच अवघड होतं." हे ऐकून पंडिताला विजयाचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कारण त्याला वत्सला आठवली.

तिसऱ्या सभेत पंडित साध्या शब्दांत बोलला. कारकुनाचे 'अरे' आणि 'अहो' जसेच्या तसे सांगितले. ऐकून पूलवालेही खाली बघू लागले, कारण तो 'अरे' त्यांच्याही ओळखीचा होता.

"हा माझा बोल," आवडाबाई म्हणाली. "मी सांगितला होता त्यापेक्षाही बरा सांगितलात."

आता तिची पाळी होती. ती पंडिताच्या घरी राहायला आली. पंडिताची बायको गिरिजाबाई आणि ती पहिल्याच दिवशी एका पाटावर शेवया वळू लागल्या. आवडाबाईने पंडिताला पूल का हवा ते विचारले. पंडिताने व्यापार, वैद्य, शाळा सगळे सांगितले. तिने नीट ऐकून घेतले. मग ती भलतेच काही विचारू लागली.

"सगळा गाव नदीवर आंघोळीला जातो. तुम्ही परसात घागरीनं का करता?"

"थंडी बाधते," पंडित म्हणाला.

"उन्हाळ्यात?"

पंडिताने पोथी उघडली. नदीकडची खिडकी बंद का, हेही तिने विचारले. त्यावर तो धुळीबद्दल काहीतरी पुटपुटला. नियमाप्रमाणे उत्तर दिले होते, पण ते खरे नव्हते, आणि ओंजळीत पाणी नसल्यामुळे चालून गेले, असे त्याने स्वतःला समजावले. गिरिजाबाई शेवया वळत राहिली. तिने नवऱ्याकडे एकदाच पाहिले.

सभेचा दिवस आला. झाडाखाली त्याच्या ओंजळीत नदीचे पाणी ओतले, तेव्हा तेवढ्याशा पाण्यावरूनही त्याने नजर दुसरीकडे वळवली.

आवडाबाई उभी राहिली. तिने व्यापाराचे सांगितले, वैद्याचे सांगितले, शाळेचे सांगितले, आणि टवाळी न करता सांगितले. पूलवाल्यांना वाटले, झाले, आता पंडित हो म्हणणार. पण ती खाली बसली नाही.

"हे पंडित बोलतात ते झालं," ती म्हणाली. "पण मी त्यांच्या घरी राहिले. आता त्यांच्या तोंडानं बोलते. चुकलं तर त्यांनी सांगावं. माझी लेक पलीकडे अंथरुणाला खिळली आहे. मला तिच्याकडे जायचं आहे. पण मला पाण्याची भीती वाटते, आणि एवढा शिकलेला माणूस पाण्याला भितो असं म्हणायची लाज वाटते. म्हणून मला पूल हवा."

सभेत कुणी हसले नाही, पण आता कुणीतरी हसेल असे पंडिताला क्षणोक्षणी वाटत होते. नाही म्हणणे सोपे होते. चार शब्द म्हटले असते की झाकली मूठ झाकलीच राहिली असती. आणि हो म्हटले तर? उद्यापासून गाव म्हणेल, याच्या व्यापाराच्या गप्पा म्हणजे भित्र्याच्या सबबी. पुलाची बाजूच हरेल. पूल हरला तर वत्सला दिसणार नाही.

आवडाबाई त्याच्याकडे बघत होती. ती हळू आवाजात, म्हणजे इतरांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पंडितबुवा, माझीही भीतीच आहे की. मला त्या 'अरे'ची, तुम्हाला पाण्याची. तुम्ही माझी भीती सभेत नीट धरलीत, सांडू दिली नाहीत. मीही तशीच धरली आहे."

पंडिताने ओंजळीकडे पाहिले. बोटांच्या फटींतून पाणी गळून जवळजवळ संपले होते.

"हा माझा बोल," तो म्हणाला. "व्यापाराचं मी बोललो तेही खोटं नव्हतं. पण त्याच्या आधी हे होतं."

मग एक विलक्षण गोष्ट घडली. पूलवाल्यांतला एक धिप्पाड लोहार उठला आणि म्हणाला की होडीत बसले की आपलेही डोळे फिरतात. एका बाईने सांगितले की तिला व्यापाराचे काही नाही, पावसाळ्यात माहेरची खबर मिळत नाही एवढेच दुखते. होडीवाल्यांतला एक म्हातारा म्हणाला की आपण पुलाला नाही म्हणत होतो ते केवळ न्हाव्याने दाढी केली नाही म्हणून. ऐन वादात जे कुणीच बोलले नव्हते, ते सगळे त्या दिवशी बाहेर आले.

पाटील सगळे ऐकून म्हणाले, "म्हणजे माणूस पार जायला हवा, आणि घोडा गावात यायला नको. एवढंच ना?"

एवढेच होते. राजाला नम्रपणे नकार कळवला आणि गावाने आपला आपण साकव बांधायला घेतला. लाकडी फळ्यांचा, वेताच्या दोरांचा, माणसे एकामागून एक जातील एवढाच रुंद. कारकुनाला घोडा पलीकडेच बांधावा लागणार होता आणि वत्सलासारखीला डोलीत घालून आणता येणार होते.

पण साकव व्हायला अजून वेळ होता. सभा उठल्यावर आवडाबाई पंडिताजवळ आली. "विचारल्याशिवाय बोलायचं नाही हा नियम संपला. आता मी विचारते. उद्या सकाळी होडीत बसाल का? मी समोर बसते."

दुसऱ्या दिवशी पंडित होडीत बसला. त्याने डोळे गच्च मिटले होते. होडी काठावरून सुटली तशी आवडाबाई म्हणाली, "हं, आता पुलाचे फायदे सांगा. पहिल्यापासून. मी सगळे खोडणार आहे."

पंडिताने सांगायला सुरुवात केली. ती खोडत गेली. वैद्याच्या मुद्द्यावर त्याला असा राग आला की त्याने डोळे उघडले, आणि पाहतो तर पलीकडचा काठ हाताशी आला होता. वत्सलाच्या अंगणात शिरताना त्याचे धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेले होते. तिने नातू त्याच्या मांडीवर ठेवला.

गावात पुढे सगळे गोडीगुलाबीने नांदले असे मात्र नाही. साकव दर पावसाळ्यात वाहून जाई, आणि तो पुन्हा बांधायची पाळी कुणाची यावरून दरवर्षी भांडण होई. दगडी पूलच बरा होता असे पंडित म्हणत राहिला. साकवाचीही गरज नव्हती असे आवडाबाई म्हणत राहिली. पण हळदीकुंकू पुन्हा सुरू झाले, आणि न्हावी दोन्ही बाजूंच्या गालांची दाढी करू लागला.

तात्पर्य हे की ज्याचे म्हणणे आपल्याला खोडायचे आहे, ते आधी त्याला आपलेसे वाटेल असे मांडून दाखवावे; तसे करताना त्याच्या मतामागचा माणूस दिसतो आणि आपल्या मतामागचाही.

आणखी एक गोष्ट राहिली. राजाने तो दगडी पूल खालच्या अंगाच्या गावात बांधला होता. पूल घेतला असता तर नेमके काय झाले असते, ही शंका पंडिताला कित्येक वर्षे छळत होती. शेवटी म्हातारपणी एकदा तो आणि आवडाबाई सोनबाच्या होडीतून तिकडे गेले. पंडित मधल्या फळीवर बसला होता आणि डोळे उघडे होते. पूल चांगला भक्कम होता. व्यापाऱ्यांच्या गाड्या मात्र कुठेच नव्हत्या. दोन्ही काठांवर भातच पिकत होते, कोण कुणाला काय विकणार? घोडेस्वारांची रीघही नव्हती. चौकीच्या छपरावर दुधीचा वेल चढला होता. पुलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गावातल्या बायकांनी चादरी पसरून पापड आणि कुरडया वाळत घातल्या होत्या. त्या बायका म्हणाल्या की वसुलीचा कारकून आला तरी त्याला घोड्यावरून उतरावेच लागते. पंडिताचा विश्वास बसेना, म्हणून तो तिथेच कठड्यावर बसून राहिला. दुपार कलताना खरोखरच कारकून आला, पुलाच्या तोंडाशी खाली उतरला, लगाम हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "अहो बाई, तेवढ्या कुरडया उचलता का?"